उघड्या हाडाला स्नायूचे पांघरूण

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपत्ता गोळा करण्यासाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत भल्या पहाटे माणसांची वर्दळ सुरू होते. मोहफुले अस्वलालाही प्रिय. अचानक गाठ पडली की ते बहुधा चेहऱ्यावर आणि डोक्यावर झेपावते. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी असे फाटलेले चेहरे हाताशी असलेल्या साधनांनी शिवले आहेत. चेहऱ्याचा रक्तपुरवठा इतका समृद्ध असतो की स्वच्छ धुऊन शिवलेली जखम बहुधा भरून येते. नडगीचे तसे नाही.

कोळशाच्या ट्रकखाली आलेल्या पायाचे मांस निघून जाते आणि हाड उघडे पडते. मांडीची पातळ कातडी काढून त्यावर लावावी, असे कोणालाही वाटेल. परंतु ती कातडी खालच्या रक्तावर जगते. स्वतःचे आवरणही गमावलेल्या कोरड्या हाडावर ती गळून पडते. मग हाड सडते आणि प्रकरण पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते.

यावरील उपाय म्हणजे स्नायूचा फ्लॅप. शेजारचा स्नायू त्याच्या रोहिणीसह सोडवून जखमेवर वळवायचा आणि त्यावर कातडी लावायची. स्नायू आपले रक्त घेऊन येतो, त्याच वाटेने प्रतिजैविकेही पोहोचतात, खड्डाही बुजतो. गुडघ्याखालच्या जखमेला पोटरीच्या वरच्या स्नायूचा अर्धा भाग पुरतो. उरलेल्या अर्ध्यावर रुग्ण चालू शकतो. नडगीच्या मध्याला पोटरीचा खोलवरचा स्नायू उपयोगी पडतो. घोट्याजवळ मात्र वळवण्याजोगा स्नायूच नाही, तेथे केवळ दोऱ्यांसारख्या कंडरा असतात. तेथे पाठीचा किंवा मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू पूर्ण सुटा करून आणावा लागतो आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने जोडाव्या लागतात. अस्वलाने कवटी मोठ्या भागात उघडी केली असेल, तर तेथेही पाठीचाच स्नायू कामी येतो.

हे सारे वेळेवर अवलंबून आहे. युगोस्लाव्हियातील शल्यविशारद मार्को गोडिना यांचा ५३२ रुग्णांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या ७२ तासांत बसवलेले एक टक्क्याहून कमी फ्लॅप निकामी झाले; त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत बसवलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. निर्वात पट्टीमुळे ही मुदत आता काहीशी लांबवता येते. पण भामरागडहून नागपूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर, आणि पर्लकोटेच्या पुराने पावसाळ्यात भामरागडचा संपर्क वारंवार तुटत आला आहे. सूक्ष्मदर्शक आणि तो हाताळणारे हात नागपूरसारख्या शहरात, जखम जंगलात.

म्हणून पहिल्या दवाखान्यात जे होते, त्याला मोठे मोल आहे. जखम भरपूर सलाइनने धुणे, उघडे हाड ओल्या गॉजखाली ठेवणे, मोडलेला पाय आधाराने स्थिर करणे, प्रतिजैविक आणि धनुर्वाताची लस तातडीने देणे, एवढे ग्रामीण रुग्णालयातही होऊ शकते. प्राण्याने चावले असल्यास रेबीजची लस आणि जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिनही हवे. पायाची ताणलेली कातडी ओढून टाके घालण्याचा मोह मात्र टाळावा. त्या टाक्यांखाली कातडी मरते, आत पू साठतो, आणि रुग्ण नागपूरला पोहोचेपर्यंत लहान फ्लॅपने झाकता आली असती ती जखम दुप्पट झालेली असते.