टाके हरवतायत? मणी लावा!

सुईवर १२० टाके आहेत. तुम्ही मोजताय... ८७, ८८, ८९... आणि नेमकं कोणीतरी विचारतं, "ए, उद्या सबमिशन किती वाजता आहे?" झालं! परत एकपासून सुरुवात. हौसेने विणकाम शिकायला घेतलेले कित्येक जण इथेच सुया गुंडाळून ठेवतात.

त्यावरचा उपाय म्हणजे स्टिच मार्कर, टाक्यांमध्ये ठेवायची खूण. टाके घालताना दर २० टाक्यांनंतर सुईवर एक छोटी रिंग सरकवायची. गोंधळ झाला तर फक्त शेवटच्या रिंगपासून मोजायचं. विणत विणत रिंगपर्यंत आलात की ती डाव्या सुईवरून उजव्या सुईवर उचलून ठेवायची आणि पुढे चालू पडायचं. रिंग विणली जात नाही, ती नुसती सोबत फिरते. आपल्या आज्या यासाठी वेगळ्या रंगाच्या लोकरीचा तुकडा गाठ मारून वापरायच्या आणि खरं सांगायचं तर तोही मस्त चालतो. पण मण्याचा मार्कर न बघताही बोटाला लागतो, शिवाय रंगावरून कुठली खूण कशाची हेही कळतं.

ही खूण नुसती शोभेची नाही बरं का. माझी रूममेट बाबांसाठी स्वेटर विणतेय. बाबा एसटीत कंडक्टर, थंडीतही रात्रीच्या फेऱ्या. तिने घेतलाय रॅगलन, तोही गळ्यापासून खाली विणत येणारा. यात पुढचा भाग, पाठ आणि दोन्ही बाह्या एकाच गोल सुईवर एकत्र वाढतात. चार सांधे असतात, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा. म्हणजे एका आड एक फेरीत ८ टाके. सांधा सरकत गेला की एक बाही ढगळ, दुसरी तंग! तिने तीनदा सगळं उसवलं. लोकर स्टायपेंडमधून घेतलेली, सारखी उसवून केसाळ होत चाललेली. चौथ्यांदा उसवायची वेळ आली तर स्वेटर सोडूनच देणार, असं तिने जाहीर केलं होतं. मग एका रविवारी तिने आणि मी मार्कर केले. तीन सांध्यांना निळे आणि जिथून फेरी सुरू होते त्या चौथ्या सांध्याला लाल. सध्या स्वेटर काखेपर्यंत पोचलाय, दोन्ही बाह्यांचे टाके सारखे.

सामान काय लागतं? मणी, हेडपिन (एका टोकाला चपटी टोपी असलेली तार), बारीक रिंगा, गोल तोंडाची छोटी पक्कड आणि तार कापायला कटर. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट इथे हे सगळं मिळतं. मणी तर घरातल्या तुटलेल्या माळेतलेही चालतील. फक्त लोकरीच्या रंगात मिसळणारे नकोत. काळ्या लोकरीवर काळे मणी लावून उपयोग काय?

रिंग घेताना मात्र चोखंदळ व्हा. सुई ४ मिलिमीटरची असेल तर रिंगचं आतलं माप ६-७ मिलिमीटर ठेवा. फार मोठी रिंग हातात अडकते आणि जाड रिंगेमुळे दोन टाक्यांमध्ये फट पडते. दागिन्यांत वापरतात ती तोंड उघडणारी रिंग नको, तिच्या फटीत लोकर घुसते. दुकानात "जोड बंद केलेली द्या" असं स्पष्ट सांगा.

आता कृती. हेडपिनमध्ये एक-दोन मणी ओवा. लटकन दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा लांब नको, नाहीतर ते लोकरीत गुंतत राहतं. मण्याच्या वर थोडी जागा सोडून तार काटकोनात वाकवा. पक्कडीच्या गोल तोंडाभोवती फिरवून तिचा फासा करा. इथे घाई करू नका! फासा बंद करण्याआधीच त्यात रिंग अडकवायची असते. मग उरलेली तार फाशाखाली दोन-तीन वेढे गुंडाळा, जादा तार कापा आणि टोक आत दाबून टाका.

आणि आता परीक्षा. तयार मार्कर नायलॉनच्या ओढणीवरून हलकेच फिरवा. ओढणीचा धागा ओढला गेला, तर लोकरीचाही ओढला जाणारच. नेलफाइलने टोक घासा, पुन्हा फिरवून बघा. ही पायरी गाळून नुसते सुंदर मार्कर करण्यात अर्थ नाही. (ओढणी जुनी घ्या, हे वेगळं सांगायला नको.)

फ्रेंडशिप बँडचे अक्षरांचे मणी उरलेत? टेलर स्विफ्टच्या इराज टूरनंतर ते बऱ्याच जणींच्या ड्रॉवरमध्ये पडून असतील. जाळीच्या नक्षीत प्रत्येक भागाला अ, ब, क अशी नावं द्यायला ते बेस्ट.

क्रोशावाल्यांनो, तुमचं गणित वेगळं. क्रोशाच्या सुईवर एका वेळी एखाद-दुसराच फास असतो, त्यामुळे बंद रिंग तिथे कामाची नाही. तुम्हाला थेट टाक्यात अडकवता येईल असा उघडणारा मार्कर हवा. त्यासाठी मण्याचा फासा रिंगऐवजी चेनच्या छोट्या हुकात अडकवा. साधी सेफ्टी पिन वापरत असाल तर तिच्या गोल वेटोळ्यात लोकर अडकते. त्यापेक्षा नव्या कुर्त्याच्या टॅगला कधी कधी थेंबाच्या आकाराची बारीक पिन असते ना, तिला वेटोळं नसतं. टॅग फेका, पिन ठेवा.