कॅल्क्युलेटरच्या दुकानातून संगणक-सुरक्षेकडे : कैलास काटकर आणि क्विक हील

कैलास काटकर हे ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ या पुण्याच्या संगणक-सुरक्षा कंपनीचे संस्थापक. कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातले. वडील पुण्यात फिलिप्सच्या कारखान्यात नोकरीला होते. कैलास यांचे शालेय शिक्षण दहावीपर्यंत झाले. १९८५च्या सुमारास रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात महिना चारशे रुपयांवर त्यांनी काम धरले. पुढच्या सगळ्या कारकिर्दीचे वळण या दुकानात ठरले. यंत्र बिघडले की गिऱ्हाईक काय बोलते, किती थांबते आणि कशाचे पैसे खळखळ न करता देते, हे त्यांना टेबलापाशी बसून कळत गेले.

तो काळही दुरुस्ती करणाऱ्यांना अनुकूल होता. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीच्या १९८४च्या शिफारशींनंतर बँकांच्या शाखांमध्ये खातेनोंदीची यंत्रे येऊ लागली. ‘लेजर पोस्टिंग मशीन’ बंद पडले की काउंटरवरची रांग तिथेच गोठे. अशा यंत्रांवर हात बसलेल्या कारागिराला मागणी होती. बँकांत जा-ये करतानाच काटकरांना संगणक दिसला आणि कॅल्क्युलेटरचे दिवस भरत आल्याचे त्यांनी ओळखले. १९९०च्या आसपास साठवलेल्या पंधरा हजार रुपयांवर त्यांनी मंगळवार पेठेत शंभर चौरस फुटांच्या भाड्याच्या जागेत स्वतःचे दुकान थाटले. पहिल्या वर्षाची उलाढाल पंचेचाळीस हजारांच्या घरात गेली. १९९३मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ या नावाने संगणक-देखभालीचा व्यवसाय सुरू झाला. कार्यालयांशी वार्षिक देखभालीचे करार करायचे आणि वर्षभर बोलावणे येईल तिथे जायचे, असे त्याचे स्वरूप होते.

धाकटे भाऊ संजय यांनी संगणक शिकावा, हा आग्रह कैलास यांचा. संजय पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते आणि मोकळ्या वेळात दुकानात बसत. दुरुस्तीला येणारे बरेचसे संगणक यंत्र म्हणून ठणठणीत असत. त्यांत व्हायरस शिरलेला असे. तेव्हा इंटरनेट नव्हते, व्हायरस फ्लॉपीवरून फिरत. एका कार्यालयातली फ्लॉपी दुसऱ्या कार्यालयात गेली की रोगही सोबत जाई. मायकेलअँजेलो नावाचा व्हायरस ६ मार्चची वाट पाहत डिस्कमध्ये दबा धरून बसे आणि त्या दिवशी संगणक चालू केला की माहितीवर निरर्थक अक्षरे लिहून टाकी. १९९२मध्ये त्याने जगभर घबराट उडवली होती. संजय यांनी आधी अशा एकेका व्हायरससाठी वेगळी छोटी साधने लिहिली. हाताखालच्या यंत्रांची साफसफाई लवकर उरकावी, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे ही साधने एकत्र करून १९९५मध्ये डॉसवर चालणारे ‘क्विक हील’ बाजारात आले. किंमत सातशे रुपयांच्या आसपास होती.

पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस ‘ब्रेन’ हाही लाहोरमधल्या दोन भावांनीच १९८६मध्ये लिहिला होता. त्यांचेही संगणकाचे दुकान होते. पुण्यातल्या दोन भावांनी त्याच धंद्यात बसून उलटे काम केले, एवढी नोंद पुरे.

प्रोग्राम चांगला होता, पण तो विकायचा कसा हे दोघांनाही ठाऊक नव्हते. नॉर्टन आणि मॅकअॅफी ही नावे मोठी होती. अँटीव्हायरससाठी पैसे मोजायचे ही कल्पनाच अनेक गिऱ्हाइकांच्या गळी उतरत नसे. चोरून केलेल्या प्रती तर सर्रास फिरत. १९९९च्या सुमारास धंदा बंद करण्याची वेळ आली होती. त्यातून कंपनी सावरली ती विक्रीची घडी बसवल्यामुळे. अभिजित जोरवेकर यांच्याकडे विक्री आली, २००३मध्ये नाशिकला पुण्याबाहेरची पहिली शाखा निघाली आणि पाठोपाठ इतर शहरांत शाखा उघडल्या.

या विक्रीचा कणा होता तो संगणक जोडून देणारा आणि दुरुस्त करणारा स्थानिक माणूस. व्हायरस लागलेला संगणक ‘फॉरमॅट’ करून देणे ही त्याची रोजची कमाई. तिच्यावर पाणी सोडून त्याने दुसऱ्याचे उत्पादन का विकावे? उत्तर हिशेबात होते. फॉरमॅटचे पैसे एकदाच मिळतात आणि गिऱ्हाइकाचे फोटो गेले की शिव्याही खाव्या लागतात. अँटीव्हायरसच्या डब्यात मात्र दर वर्षी नूतनीकरण असते. हे गणित काटकर स्वतः त्या खुर्चीत बसलेले असल्यामुळे त्यांना पटवून देता आले. व्यवस्थापनाच्या पदवीने ही समज आली असती, असे वाटत नाही.

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातले, पूर्णा नदीवरच्या धरणाचे येलदरी घेतले तर या पद्धतीची गरज लगेच ध्यानात येते. अशा गावांत संगणक प्रथम भेटतो तो झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात. दिवसभरात दहा जणांचे पेन ड्राइव्ह एकाच यंत्राला लागतात. फोल्डर उघडायला जावे तर त्याचा शॉर्टकट झालेला, मूळ फाइल दडवलेली. इंटरनेट धड नसेल तर अँटीव्हायरसची ताजी माहिती दुसरीकडून उतरवून घ्यावी लागते. अशा गिऱ्हाइकाला परदेशातल्या फोन क्रमांकापेक्षा तालुक्याच्या दुकानदाराचा आधार वाटतो.

२००७मध्ये कंपनीने ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ हे नाव घेतले. २०१०मध्ये सिक्वोया कॅपिटलने साठ कोटी रुपये गुंतवले. जपान, अमेरिका, दुबई आणि केनिया इथे उपकंपन्या निघाल्या. केनियातली कंपनी आफ्रिकेच्या बाजारासाठी होती. स्वस्त यंत्रे, हातोहात फिरणारे पेन ड्राइव्ह आणि महागडे इंटरनेट ही परिस्थिती तिथेही ओळखीचीच होती.

फेब्रुवारी २०१६मध्ये कंपनीने समभागांची सार्वजनिक विक्री केली. ३२१ रुपये भावाने सुमारे ४५१ कोटी रुपये उभे राहिले. पण १८ फेब्रुवारीला बाजारात नोंद झाली, त्याच दिवशी भाव या किमतीच्या बराच खाली घसरला. गुंतवणूकदारांची शंका अगदीच निराधार नव्हती. २०१२च्या विंडोज ८पासून मायक्रोसॉफ्टने अँटीव्हायरस संगणकासोबतच फुकट द्यायला सुरुवात केली होती आणि सामान्य माणूस संगणक सोडून मोबाइलकडे वळत होता. घरगुती गिऱ्हाइकाला विकलेल्या डब्यांवर उभी राहिलेली कंपनी याच जागी नाजूक होती. ‘सेक्राइट’ या नावाने उद्योग आणि सरकारी कार्यालयांसाठी स्वतंत्र उत्पादने काढण्यामागे हे कारण होते. मे २०१७मधल्या वॉनाक्रायसारख्या खंडणीखोर हल्ल्यांनी त्या बाजाराला जोर दिला. तरी इथे स्पर्धा जगातल्या बलाढ्य कंपन्यांशी आहे आणि दुकानदारांचे जाळे फारसे कामी येत नाही.

२०२३मध्ये इन्फोसिसमध्ये माहिती-सुरक्षेचे प्रमुख राहिलेले विशाल साळवी मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आले. कैलास काटकर अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक राहिले, तर संजय सहव्यवस्थापकीय संचालक.