पातळ भिंत आणि पाऊस

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर ‘हिंदूराव’ या नावाचे महापालिकेचे रुग्णालय आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांनी विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८३५ मधील खुनानंतर त्याची येथील कोठी विकत घेतली. त्यांचे नाव तेव्हापासून या जागेला चिकटले. याच परिसरात पीर गायब ही फिरोजशाह तुघलकाच्या काळातील वास्तू उभी आहे. तिच्या दगडचुन्याच्या जाड भिंतींनी सहाशेंहून अधिक पावसाळे सोसले आहेत. अशी भिंत पाऊस पिते. परंतु ओल आतल्या पृष्ठभागापर्यंत पोचण्याच्या आत पाऊस उघडतो आणि भिंत बाहेरच्या बाजूने वाळू लागते.

घराच्या मागे अडगळीसाठी बांधलेल्या अर्ध्या विटेच्या खोलीला ही सवड मिळत नाही. तिच्या भिंतीची जाडी दहा-अकरा सेंटीमीटर. विटेने आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी शोषणे भारतीय मानकात बसते. म्हणजे तीन किलोची चांगली वीटही अर्ध्या किलोहून अधिक पाणी धरू शकते. पाण्याची खरी वाट मात्र विटेतून नसून दरजांतून असते. वीट आणि मसाला यांच्यामधील केसाएवढ्या फटींतून वारा पाणी आत ढकलतो. उभ्या दरजा तर गवंडी बहुधा अर्धवटच भरतो.

यावर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे सिमेंटचा घट्ट गिलावा आणि त्यावर तैलरंग. दोन वर्षे भिंत सुरेख दिसते. मग उन्हाने गिलाव्याला बारीक तडे जातात. तड्यांतून पाणी आत शिरते. बाहेर पडण्याची वाट मात्र बंद झालेली असते. विटांतील क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाशी येऊन तेथे स्फटिक बनतात, फुगतात आणि पोपडे सुटतात. भिंतीला लोणा लागतो तो असा. पातळ भिंत जलाभेद्य करण्याचा अट्टहासच चुकीचा आहे. पाणी तिच्यापर्यंत येऊ देऊ नये, आणि आलेच तर त्याला परत जाऊ द्यावे.

कोकणात हे जुनेच शहाणपण आहे. तेथे पावसाळ्याच्या तोंडी घराच्या पश्चिम अंगाला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधतात; सरींचा मारा झापांवर पडतो, भिंत कोरडी राहते. दिल्लीत पावसाळी वारा बहुधा पूर्वेकडून येतो, म्हणून पूर्वेच्या भिंतीची काळजी आधी घ्यावी. छपराची वळचण निदान दीड हात पुढे काढावी. छप्पर सपाट असेल, तर सज्जाच्या खालच्या अंगाला कडेलगत एक खाच ठेवावी; तिच्यामुळे थेंब मागे सरकत भिंतीकडे न जाता तेथूनच खाली गळतो. पागोळ्यांचे पाणी उसळून भिंतीच्या पायथ्याशी उडते, तेव्हा तेथे फरशीऐवजी खडी पसरावी. दरजा चुन्याच्या मसाल्याने भराव्यात आणि वर चुन्याचाच हात द्यावा.

जमिनीतून चढणारी ओल निराळी. जोते उंच घेऊन त्यावर, पहिल्या विटेच्या खाली, जलरोधक काँक्रीटचा थर घातला तर ती अडते. पुढे कोणी भिंतीला टेकून माती वा राबिट टाकले की ओल त्या थराला वळसा घालते. कित्येक खोल्या बिघडतात त्या एवढ्यानेच. हिवाळ्यात पत्र्याच्या आतल्या अंगाने गळणारे पहाटेचे पाणी तर पावसाचेही नव्हे. ते आतल्या हवेतील बाष्पाचे असते. अशा खोलीत पुष्कळदा माळी वा रखवालदार कुटुंबासह झोपतो आणि त्याच्या अंथरुणावर हे थेंब पडतात. समोरासमोर दोन जाळ्या ठेवल्या तर ते पुष्कळ कमी होतात.

लोणा लागलेली भिंत धुऊ नये, कारण धुतलेला क्षार पुन्हा विटेतच मुरतो. तो कोरड्या ब्रशाने झाडून खोलीबाहेर टाकावा, सिमेंटचा सुटलेला गिलावा खरवडून काढावा आणि नोव्हेंबरपर्यंत भिंत उघडीच वाळू द्यावी.