त्याला एकट्याला बसवा

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ला लागू झाला. त्याला वीस वर्षं होत आली, आणि परवा एका समुपदेशन केंद्रात तेच ऐकलं : "तो नांदवायला तयार आहे, तुम्हीही जरा सांभाळून घ्या." नवऱ्याला एकही प्रश्न नाही. फार संताप आला.

१९८३मध्ये विवाहितेच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम आलं, पुढच्याच वर्षी मुंबई पोलिसांत टाटा समाजविज्ञान संस्थेचा महिलांसाठीचा विशेष कक्ष. या वाटचालीवर पुष्कळ लिहून झालंय.

मी जगलो ते नव्वदचं दशक. १९९१मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी जाहिरात दिली : बायकांना होणारी मारहाण थांबली पाहिजे असं वाटणाऱ्या पुरुषांनी पुढे यावं. दोनशेवर पुरुषांनी प्रतिसाद दिला, त्यातून १९९३मध्ये 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली. पुरुष पुरुषांशी बोलू लागले. तेव्हाची एक बैठक डोळ्यांसमोर आहे. "राग आला की मला काही सुचत नाही," एक जण म्हणाला. कार्यकर्त्याने विचारलं, "साहेब ओरडतो तेव्हा?" तो गप्प. "मग घरीच कसं सुचत नाही?" शेवटी खाली मान घालून त्याने सांगितलं, ताट भिरकावण्याआधी आपण दार लावून घेतलं होतं. उपचार सुरू होतो तो इथून.

पण आपण मारहाणीचं खापर दारूवर फोडलं. पुण्यात १९८६पासून 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे कित्येकांची दारू सुटली, आणि ते काम मोठंच आहे. पण दारू सोडूनही बायकोला मारणारे मी पाहिलेत. त्यांच्यासाठी आपण काय उभं केलं? कॅलिफोर्नियात अशा गुन्ह्यात प्रोबेशनवर सुटलेल्याला वर्षभर दर आठवड्याला गटात बसावं लागतं. सगळे सुधारत नाहीत, अभ्यासांचे निष्कर्षही उलटसुलट आहेत. तरी गैरहजेरी न्यायालयाला कळते, जाब द्यावा लागतो. आपल्याकडे 'पुन्हा असं करणार नाही' एवढं लिहून दिलं की फाइल बंद.

खरं तर तरतूद आपल्याकडेही आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६च्या नियमांतला चौदावा नियम म्हणतो, समुपदेशनात नवऱ्याला हिंसेचं समर्थन करता येणार नाही, आणि हे त्याला आधीच सांगायचं. कायद्याच्या कलम १४नुसार न्यायदंडाधिकारी त्याला एकट्यालाही समुपदेशनाला पाठवू शकतात. वकिलांनो, संरक्षण अधिकाऱ्यांनो, पुढच्या तारखेला तेवढं मागा.