डोंगरावर प्राणवायू कमी पडतो का?

शनिवार-रविवार जोडून डोंगर चढायला जाण्याची आवड आता आपल्या भागातील महाविद्यालयीन मुलामुलींमध्येही रुजली आहे. जांब समर्थ, घनसावंगी, अंबड हा गोदावरीच्या खोऱ्यातला सपाट मुलूख. इथली मुले रात्रीच्या गाडीने निघून अकोले तालुक्यातील बारी गाव गाठतात आणि पहाटे कळसूबाई चढू लागतात. घरची परिस्थिती बरी असेल ती अलीकडे नेपाळलाही जातात. निघण्यापूर्वी तंदुरुस्तीचा दाखला घ्यायला काही जण माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "डॉक्टर, वर ऑक्सिजन कमी पडंल का हो?"

उत्तर द्यायचे तर डोंगर कोणता आणि चढणारा कोण, हे दोन्ही पाहावे लागते.

हवेतील प्राणवायूचा वाटा समुद्रकाठी आणि शिखरावर सारखाच, म्हणजे सुमारे २१ टक्के असतो. उंचावर कमी होतो तो हवेचा दाब. हवा विरळ झाल्याने एका श्वासात प्राणवायू थोडा कमी येतो. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, राज्यातील सर्वांत उंच शिखर. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८२ टक्के असतो. ऐकायला हा फरक मोठा वाटतो. पण रक्तातील हिमोग्लोबिन एवढ्या दाबालाही प्राणवायू चांगला धरून ठेवते. निरोगी माणसाच्या रक्तात तो दोन-चार टक्क्यांनीच उतरतो. श्रीलंकेतील नुवारा एलिया हे थंड हवेचे ठिकाण १८६८ मीटरवर आहे, तेथेही फार वेगळे काही घडत नाही. एवढ्या उंचीसाठी ऑक्सिजनचा डबा पाठीवर नेणे म्हणजे केवळ ओझे.

मग पहिल्याच चढणीला काही मुली पांढऱ्याफटक का पडतात? याचे कारण बहुधा डोंगरात नसते, घरात असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ ऐवजी ९ ग्रॅम आहे, तिच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती पाव हिश्शाने कमी झालेली असते. कळसूबाईची उंची जेवढी तूट करते, त्याच्या कितीतरी पट तूट ती जांबला बसल्याबसल्या सोसत असते. ती हळूहळू आलेली असल्याने अंगवळणी पडते. जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडते. घरचे म्हणतात, आळशी आहे. आठ-नऊशे मीटरचा चढ समोर आला की ते झाकलेले उघडे पडते.

म्हणून दाखला मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मुलग्यांनाही, मी आधी हिमोग्लोबिन तपासायला सांगतो. तपासणी आदल्या दिवशी करून उपयोग नाही. लोहाच्या गोळ्यांनी महिन्याला एक-दोन ग्रॅमच वाढ होते, तेव्हा किमान दोन महिने आधी यावे. या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषले जात नाही, लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नयेत. जंतांचे औषध आणि पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, याची चौकशीही सोबत हवी. ती मुलगी सहलीला गेली नाही तरी हा उपचार तिला हवाच आहे.

दुसरी तूट पाण्याची आणि मिठाची. उन्हात चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. पुष्कळ मुली आडोसा मिळणार नाही म्हणून मुद्दाम पाणी पीत नाहीत. हा संकोच मोडण्याचे काम बरोबरच्या शिक्षिकांनी करावे. तासनतास नुसते पाणी ढोसणेही बरे नाही, त्याने रक्तातले मीठ पातळ होते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे घरगुती पेय पुरेसे आहे. जोडीला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. महागडी रंगीत पेये लागत नाहीत.

डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, दरदरून घाम ही उन्हाने थकल्याची लक्षणे. सावलीत झोपवून पाय उंच करावे, मीठ-साखरेचे पाणी द्यावे, बरे वाटले तरी वर न नेता खाली आणावे. पण तो असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग भट्टीसारखे तापले तर तो उष्माघात समजावा. त्यात तापाच्या गोळीचा काही उपयोग नाही. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. नेमक्या अशा वेळी मुले म्हणतात, "तू बस इथं, आम्ही वर जाऊन येतो." एकट्याला बसवून गेलेले मित्र परत येईपर्यंत दोन-तीन तास जातात आणि उष्माघातात तेवढा वेळ नसतो. एक आजारी पडला तर त्याच्याबरोबर दोघांनी खाली उतरायचे, हे निघण्यापूर्वी ठरवून घ्यावे.

नेपाळचा हिशेब मात्र निराळा. काठमांडू सुमारे १४०० मीटरवर आहे, तोवर काळजी नाही. विमानाने लुकला गाठले की माणूस अर्ध्या तासात २८०० मीटरच्या वर पोहोचतो, नामचे बाजार ३४४० मीटरवर. साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे विरळ हवेचा खरा त्रास सुरू होतो आणि तो चांगल्या पैलवानालाही होतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही त्याची सुरुवात. हे दिसल्यावर आणखी वर जाऊन मुक्काम करू नये. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून गुलाबी फेस आला किंवा सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकता येईना, तर रात्र असली तरी सोबत घेऊन रुग्णाला खाली आणावे. सकाळची वाट पाहू नये. तीन हजार मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचे. शनिवार-रविवारच्या सुटीत हे बसत नाही, तेव्हा तेवढ्यासाठी नेपाळचा बेत आखू नये. अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी आधीपासून घेतल्यास शरीर लवकर जुळवून घेते; पण ती मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नये आणि ज्यांना सल्फाच्या औषधांनी पूर्वी अंगावर पुरळ उठले आहे, त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे.