बाँडचा परवाना कोणी पेलला?

१९६२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात 'डॉ. नो' हा चित्रपट लंडनमध्ये प्रथम झळकला, तेव्हापासून २०२१ सालच्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत इऑन या चित्रसंस्थेने जेम्स बाँडवर एकूण २५ चित्रपट काढले, त्यांत एकामागून एक सहा नटांनी त्या ब्रिटिश हेराची भूमिका केली, आणि या सहांतला अस्सल बाँड कोणता, हा वाद जिथे जिथे हे चित्रपट आवडीने पाहिले जातात तिथे तिथे आजही पूर्वीच्याच त्वेषाने चालू आहे. 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंचे थोर की दत्ता भटांचे, यावर ज्यांनी रात्री जागविल्या, त्या मराठी रसिकांना अशा वादाची गोडी समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. मात्र तिथे संहिता एकच होती, शब्द तेच होते, आणि म्हणून नटानटांतला भेद निखळपणे पारखता येत होता. बाँडच्या बाबतीत प्रत्येक वेळी कथा निराळी, काळ निराळा आणि पुष्कळदा दिग्दर्शकही निराळा, त्यामुळे भांडणारे पक्ष शेवटी रूप, उंची आणि पोशाख यांवरच येऊन थांबतात.

निवाडा द्यायचा तर सर्वांना समान लागू पडेल असे एखादे परिमाण हवे, आणि माझ्या मते ते या व्यक्तिरेखेच्या क्रमांकातच आहे. शून्य शून्य सात यातील दोन शून्यांचा अर्थ असा, की या सरकारी नोकराला कामगिरीवर असताना माणूस ठार मारण्याचा परवाना आहे. बाँडचे जनक, कादंबरीकार इयन फ्लेमिंग हे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता खात्यात होते. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'कसिनो रॉयल' या पहिल्या कादंबरीत, बाँडने दोन माणसे मारली तेव्हा त्याला हा हुद्दा मिळाला, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. गाड्या, मद्य, जुगार आणि सुंदर स्त्रिया हा सारा त्या हुद्द्याभोवतीचा थाट झाला. तेव्हा हा परवाना वापरण्याच्या क्षणी त्या नटाच्या चेहऱ्यावर काय दिसते, हे पाहावे.

शॉन कॉनरी यांची निवड झाली तेव्हा खुद्द फ्लेमिंग साशंक होते. एडिंबराच्या श्रमिक वस्तीत वाढलेला, कधीकाळी घरोघर दूध पोहोचविणारा हा धिप्पाड तरुण त्यांच्या कल्पनेतल्या खानदानी अधिकाऱ्याशी जुळत नव्हता. दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी त्याला आपल्या स्वतःच्या शिंप्याकडे नेले, चालण्याबोलण्याची व खाण्यापिण्याची रीत शिकविली, आणि परिणाम असा झाला की पुढे फ्लेमिंग यांनीच आपल्या नायकाला कादंबरीत स्कॉटिश पिता बहाल केला. 'डॉ. नो'मधला एक प्रसंग पाहावा. प्राध्यापक डेंट अंधाऱ्या खोलीत शिरतो आणि बिछान्यावर निजलेल्या आकृतीवर गोळ्या झाडतो; त्या आकृतीच्या जागी नुसत्या उशा असतात आणि बाँड दाराआड खुर्चीवर बसलेला असतो. डेंट बोलता बोलता खाली पडलेले पिस्तूल पायाने गालिच्यासकट ओढून घेतो, चाप दाबतो, परंतु गोळ्या संपलेल्या असतात. आणि त्या बाँडने मोजलेल्या असतात. मग तो शांतपणे डेंटला मारतो, आणि तो पालथा पडल्यावर पुन्हा एक गोळी घालतो. कॉनरींच्या मुद्रेवर त्या वेळी क्रोध नाही, आनंद नाही, पश्चात्तापाचा तर लवलेशही नाही; दप्तरातले एक प्रकरण निकाली काढून कारकुनाने पुढचे कागद ओढावेत, तसा तो मनुष्य पुढच्या कामाला लागतो. १९६२ सालच्या प्रेक्षकाने असा नायक क्वचितच पाहिला असेल, आणि कॉनरींच्या चाहत्यांची निष्ठा आजतागायत अढळ राहिली याचे खरे कारण या थंडपणात आहे, असे मला वाटते.

रॉजर मूर यांची प्रकृतीच निराळी. १९७३ ते १९८५ या काळात त्यांनी सात चित्रपट केले. त्यांतला 'ऑक्टोपसी' आपल्याकडे विशेष परिचित आहे, कारण त्याचे काही चित्रण उदयपूरला झाले आणि कबीर बेदी व टेनिसपटू विजय अमृतराज त्यात होते. मूर यांचा बाँड हसतमुख, मार खाल्ला तरी ज्याच्या कपड्याची इस्त्री मोडत नाही असा. 'फॉर युअर आइज ओन्ली' या १९८१ सालच्या चित्रपटात मारेकरी लॉक याची मोटार कड्याच्या टोकावर लोंबकळत असताना बाँड तिला लाथ मारून खाली लोटतो. हे कृत्य आपल्या बाँडला शोभत नाही, अशी मूर यांची तक्रार होती. दिग्दर्शक जॉन ग्लेन यांच्या आग्रहाखातर त्यांनी ते केले. या नटाने परवान्याचे ओझे प्रेक्षकावर पडू दिले नाही. मी त्याला दोष मानीत नाही. पण मूळ व्यक्तिरेखेपासून ते अंतर फार मोठे आहे.

ऑस्ट्रेलियाचे जॉर्ज लेझनबी यांनी १९६९ साली एकच चित्रपट केला आणि स्वतःहून ही भूमिका सोडली. त्या चित्रपटाच्या अखेरीस लग्नाच्याच दिवशी बाँडची पत्नी गोळीला बळी पडते, आणि इतरांना मारणाऱ्या माणसाच्या मांडीवर मृत्यू येऊन विसावतो. या नवख्या नटाने तो प्रसंग ज्या साधेपणाने निभावला, त्याला चाहत्यांनी फार उशिरा न्याय दिला. पिअर्स ब्रॉस्नन यांनी १९९५ पासून चार चित्रपटांत सर्वांना थोडे थोडे संतुष्ट केले. त्यांतल्या एका चित्रपटात खलनायिका एलेक्ट्राला गोळी घातल्यावर ते तिच्या कलेवरावर वाकतात, तेवढ्या एका क्षणात ते मला खरे वाटतात.

२००५ साली डॅनियल क्रेग यांचे नाव जाहीर झाले तेव्हा मोठे वादळ उठले. केस सोनेरी आहेत, हा मुख्य आरोप, आणि चित्रपटावर बहिष्कार घालण्याची भाषा चित्रण पुरे होण्याआधीच सुरू झाली. वस्तुतः फ्लेमिंग यांनी बाँडच्या काळ्या केसांबरोबर उजव्या गालावरचा लांब व्रणही वर्णिला आहे, आणि तो व्रण कॉनरींपासून आजवर कोणाच्याही गालावर दिसलेला नाही. परंतु त्याविषयी कोणी फिर्याद केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुढच्या वर्षी 'कसिनो रॉयल' आला. त्याच्या प्रारंभी कृष्णधवल चित्रणात बाँड हुद्दा मिळविणारे दोन वध करतो: पहिला प्रसाधनगृहात, झोंबाझोंबी करीत, माणसाला पाण्यात बुडवून; दुसरा खुर्चीत बसून, एका गोळीत. पहिल्या वेळी क्रेग यांना लागलेली धाप आणि दुसऱ्या वेळची निर्विकार नजर यांत मनुष्याचा अधिकारी कसा होतो ते सारे आले, आणि विरोधाचा आवाज बहुतांशी विरून गेला.

तरीही माझे मत विचाराल तर ते टिमथी डाल्टन यांच्या बाजूचे आहे. शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेल्या या नटाने फ्लेमिंगच्या कादंबऱ्या मनापासून वाचून भूमिका उभी केली. १९८७ सालच्या 'द लिव्हिंग डेलाइट्स'मध्ये ब्रातिस्लाव्हा येथे समोरच्या खिडकीतल्या बंदूकधाऱ्याला ठार करण्याचा हुकूम बाँडला असतो. दुर्बिणीतून त्याला एक तरुणी दिसते, आणि ही धंदेवाईक मारेकरी नव्हे हे ओळखून तो ऐन क्षणी नेम बदलून तिच्या बंदुकीवर गोळी झाडतो. सहकारी वर कळविण्याची धमकी देतो, तेव्हा डाल्टन यांच्या आवाजात उर्मटपणा नसतो. आपल्या कामाला विटलेल्या माणसाचा थकवा असतो, आणि नोकरी गेली तर बरेच होईल, असे तो बोलूनही दाखवितो. फ्लेमिंग यांच्या मूळ कथेचा गाभा हाच आहे. परवाना हाती असून तो न वापरणारा बाँड दाखविण्याचे धैर्य इतरांना क्वचितच साधले.

१९८९ नंतर कंपनीच्या कज्जेदलालीत सहा वर्षे एकही चित्रपट निघाला नाही आणि डाल्टन यांची कारकीर्द दोन चित्रपटांवरच संपली; क्रमवारी लावणारे चाहते त्यांना त्यामुळेच शेवटच्या रांगेत बसवितात. वाचकांना माझी एवढीच विनंती, की आपले मत देण्यापूर्वी 'डॉ. नो'मधला डेंटचा प्रसंग आणि हा ब्रातिस्लाव्ह्याचा प्रसंग त्यांनी लागोपाठ पाहावा, आणि मग डाल्टन यांना कोणत्या पंक्तीत बसवायचे ते ठरवावे.