घटाकाश आणि मेनफ्रेमवरचे कंटेनर

कंटेनर हा शब्द वाकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. महामार्गावर लोखंडी पेट्या वाहणारे ट्रेलर आपण रोज बघतो. पलीकडे हिंजवडीच्या कचेऱ्यांत मात्र याच शब्दाला दुसरा अर्थ आहे: सॉफ्टवेअरची पेटी. ही पेटी मेनफ्रेमवर चालते का, आणि चालवायची तर कशासाठी, हा आजचा विषय. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी यात का पडावं? कारण मुळातला प्रश्न आमचाच आहे. एखादी वस्तू स्वतंत्र आहे असं आपण म्हणतो, तेव्हा ती नेमकी कशापासून स्वतंत्र असते?

आधी पेटी समजून घेऊ. कुठलाही प्रोग्रॅम एकटा चालत नाही. त्याला लायब्ररी लागतात, ठरावीक आवृत्तीच्या फायली लागतात. एका यंत्रावर चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडतो, तो बहुधा यामुळेच. म्हणून हे सगळं एकत्र बांधून द्यायचं. त्या बांधलेल्या गाठोड्याला इमेज म्हणतात आणि ते चालू झालं की कंटेनर. यामागचा विचार जुना आहे. एखाद्या प्रोग्रॅमला फायलींचा एवढाच कोपरा दिसू द्यायचा, ही सोय युनिक्समध्ये १९७९ साली आली. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि ही पेटी घरोघरी पोचली.

आता महत्त्वाचा फरक बघा. आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, स्वतःची संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन येतं. आयबीएमने मेनफ्रेमवर ही सोय १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने जाहीर केली होती. कंटेनर तसं करत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो खालच्या यंत्राचाच असतो आणि सगळे कंटेनर तो एकच गाभा वापरतात.

वेदान्त वाचलेल्यांना इथे घटाकाशाचा दृष्टान्त आठवेल. घटातलं आकाश वेगळं वाटतं, पण वेगळेपण भिंतीमुळे आलेलं आहे. आकाश एकच. कंटेनर म्हणजे असा घट, आणि कर्नेल म्हणजे आकाश.

हे लक्षात घेतलं की ‘एकदा बांधा, कुठेही चालवा’ या घोषवाक्याची मर्यादा आपोआप दिसते. पेटीत कर्नेल नसतं, आणि प्रोसेसरही नसतो. आपल्या लॅपटॉपमधला प्रोसेसर बहुधा इंटेलच्या वळणाचा. आयबीएम मेनफ्रेमचा वंश वेगळा, १९६४ च्या सिस्टिम/३६० पासून आलेला. लिनक्सच्या जगात त्याला एस३९०एक्स म्हणतात. दोघांच्या यंत्रभाषा भिन्न. लॅपटॉपसाठी बांधलेली इमेज मेनफ्रेमवर तशीच ठेवली, तर ती सुरूच होत नाही. परदेशातून ११० व्होल्टचं यंत्र कंटेनरमधून सुखरूप आलं, म्हणून ते आपल्या २३० व्होल्टवर चालेल असं थोडंच आहे?

फरक आणखी खोल जातो. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी उच्चारतो आणि वीस मागून. लिहिताना मात्र २ आधी, ५ नंतर. यंत्रांचंही असंच आहे. २५८ हा आकडा दोन बाइटमध्ये ठेवायचा, तर मेनफ्रेम आधी १ आणि मग २ लिहितं, कारण २५८ म्हणजे एकदा २५६ आणि वर २. इंटेलचं यंत्र उलट लिहितं: आधी २, मग १. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने आपल्या पद्धतीने वाचलं, की २५८ चे ५१३ होतात. यंत्र तक्रार करत नाही. खात्यातली रक्कम तेवढी चुकते.

जावा किंवा पायथनमध्ये नीट लिहिलेल्या प्रोग्रॅमला सहसा ही झळ लागत नाही, पण इमेज मेनफ्रेमसाठी पुन्हा बांधावीच लागते. एकाच नावाखाली दोन्ही प्रोसेसरांच्या इमेज ठेवता येतात. मग ज्याचं त्याने उचलायचं.

हे दुखणं आपल्याकडे नवीन नाही. मुंबईत टीसीएसने १९७४ मध्ये परदेशासाठी केलेलं सुरुवातीचं काम आठवा. एका रुग्णालयाच्या माहितीव्यवस्थेचे प्रोग्रॅम बरोज कंपनीच्या मध्यम यंत्रांच्या कोबोलमधून तिच्याच छोट्या यंत्रांच्या कोबोलमध्ये न्यायचे होते. कंपनी एक, भाषेचं नाव एक, तरी रूपांतर करावं लागलं. कारण प्रोग्रॅम ज्या जमिनीवर उभा असतो, ती जमीन त्याच्या नावात दिसत नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? बँकांच्या, विमा कंपन्यांच्या मोठ्या व्यवहारांची माहिती आजही मेनफ्रेमवर आहे. नव्या सेवा बाहेरच्या यंत्रांवर. प्रत्येक वेळी माहिती बाहेर न्यायची तर वेळ जातो, प्रती वाढतात, आणि कुठली प्रत खरी हा वाद सुरू होतो. माहिती हलवण्यापेक्षा छोटा प्रोग्रॅम माहितीच्या शेजारी नेऊन ठेवणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, मेनफ्रेमच्या एका भागात लिनक्स चालवायचं आणि त्यावर कंटेनर. दुसरा २०१९ मध्ये झेड/ओएसच्या २.४ आवृत्तीबरोबर आला. त्यात झेड/ओएसच्या पोटातच लिनक्सची एक खोली मिळते आणि कंटेनर त्या खोलीत चालतात. जुना कोबोल प्रोग्रॅम आणि नवा कंटेनर यांचं बोलणं यंत्राबाहेर न जाता होतं.

इथे दृष्टान्ताची दुसरी बाजूही सांगायला हवी. गौडपादांच्या मांडूक्यकारिकेत म्हटलं आहे की एका घटातल्या आकाशात धूळ-धूर भरला, तरी बाकीची घटाकाशं मळत नाहीत. संगणकात ही हमी नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत रनसी या, कंटेनर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असं छिद्र सापडलं, की त्यातून आतला दुष्ट प्रोग्रॅम बाहेर पडून सगळं यंत्र ताब्यात घेऊ शकत होता. म्हणून ज्यांचा एकमेकांवर विश्वास नाही, त्यांना एकाच आकाशात ठेवू नये. मेनफ्रेमचे स्वतंत्र विभाग पाडता येतात, त्यांचा उपयोग करावा. भिंत किती जाड हवी, हे आत काय ठेवलंय त्यावर ठरतं.

आपल्या परिसरात दोन पिढ्या शेजारी शेजारी काम करतात. एक कोबोल जाणते, दुसरी कंटेनर. पहिलीला कालबाह्य म्हणण्याची घाई होते, दुसरीला उथळ. पण २५८ चे ५१३ कुठे झाले हे शोधायला दोघांनाही एका टेबलाशी बसावं लागतं. तेव्हा पुढच्या वेळी ‘हे कुठेही चालतं’ असं कोणी बैठकीत सांगितलं, तर आपण नम्रपणे तीन गोष्टी विचारू या. इमेज कुठल्या प्रोसेसरसाठी बांधली आहे? कर्नेल कोणाचं आहे? आणि त्याच कर्नेलवर शेजारी आणखी कोण राहतं? उत्तरं मिळाली की काम सुरू करावं. नाही मिळाली, तर आधी ती शोधावीत. तेच पहिलं काम.